पँटचा घेर कोण ठरवतं?

दहा-बारा वर्षांपूर्वीचा स्वतःचा एखादा फोटो काढून बघा. चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघा. बहुतेक घोट्याशी आवळलेली जीन्स दिसेल, काढताना खाली बसून पाय ओढून घ्यावे लागायचे इतकी घट्ट. आता आज घराबाहेर पडताना काय घातलं होतंत ते आठवा. पँट सरळ असेल, नाहीतर चांगली घेरदार. मधल्या काळात घेर वाढवा असं फर्मान कुणी काढलं नव्हतं. तुम्ही फॅशन शो बघत नसाल, मासिकं चाळत नसाल, तरी घेर वाढला. आणि खरं नवल पुढेच आहे. तुमची नजरही बदलली. ज्या फोटोत तेव्हा आपण छान दिसतोय असं वाटलं होतं, तोच आता जरा विचित्र वाटतो.

हे कसं घडतं याचं मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. कपडे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. त्यामागची यंत्रणा जसजशी समजत गेली, तसतसा ‘आपली स्वतःची शैली म्हणजे काय’ हा गुंताही सुटत गेला. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगते.

प्रवास करतं ते प्रमाण

रॅम्पवरचे कपडे बघून बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: हे घालणार कोण? प्रश्न रास्त आहे, कारण ते जसेच्या तसे जवळपास कुणीच घालत नाही. पण नीट बघितलं तर त्यात एखादी गोष्ट मुद्दाम टोकाला नेलेली असते. कधी खांद्याची रुंदी, कधी कंबरेची जागा, कधी बाहीची लांबी. आपल्यापर्यंत पोचते ती तेवढी एकच गोष्ट, तीही पुष्कळ सौम्य होऊन.

१९९०च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या तरुण डिझायनरची ‘बम्स्टर’ नावाची पँट गाजली. तिची कंबर इतकी खाली होती की पाठीचा कणा जिथे संपतो ती जागा उघडी पडायची. बराच गदारोळ झाला. मॅक्वीनचं म्हणणं मात्र साधं होतं: शरीराचं धड लांब दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. बम्स्टर जशीच्या तशी घालणारे मोजकेच निघाले. पण पुढच्या काही वर्षांत जगभरच्या साध्यासुध्या जीन्सची कंबर बेंबीजवळून घसरून कमरेच्या हाडांवर येऊन टेकली.

आता यातली गंमत बघा. पँटची कंबर खाली गेली की वाकल्यावर पाठ उघडी पडते. मग वरचा कपडा लांब हवा. त्या काळातले टी-शर्ट आणि टॉप आठवा. कमरेच्या खाली आलेले, त्यांच्याही खालून आतल्या बनियनची किनार डोकावणारी. पँट तीन-चार इंच काय उतरली, तिने कपाटातले वरचे सगळे कपडे बदलायला लावले. नंतरच्या दशकात कंबर पुन्हा वर चढली तेव्हा उलट झालं. टॉप आखूड झाले, शर्ट आत खोचले जाऊ लागले.

माझ्या मते फॅशन समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. एक माप हललं की शेजारची मापं हलतात. ‘यंदा काय चाललंय’ हे विचारण्यापेक्षा ‘यंदा कोणतं माप हललंय’ हे विचारलं की निम्मं कोडं सुटतं.

घट्ट जीन्सची गोष्टही अशीच. २००० ते २००७ या काळात हेडी स्लिमान हा डिझायनर पॅरिसमध्ये डिओर या फ्रेंच ब्रँडच्या ‘डिओर ओम’ या शाखेसाठी पुरुषांचे कपडे करत होता. अरुंद खांदे, सडपातळ कोट, काडीसारख्या पँटी. त्याचे कपडे अंगात बसावेत म्हणून कार्ल लागरफेल्ड या नामवंत डिझायनरांनी साठी उलटल्यावर चाळीस किलोंहून जास्त वजन उतरवलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण ही काडीसारखी पँट सगळ्यांच्या पायांत शिरली त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कापडात आहे. निव्वळ सुती जीन्स पोटरीला चिकटून बसवली तर गुडघा वाकणार कसा? त्याचं उत्तर म्हणजे स्पॅन्डेक्स, १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला ताणला जाणारा धागा. जीन्सच्या कापडात तो एक-दोन टक्के मिसळला तरी काम भागतं. घरातल्या एखाद्या घट्ट जीन्सच्या आतलं लेबल वाचा, हा धागा हटकून सापडेल.

दोन वर्षं आधी ठरलेला रंग

एखाद्या हंगामात सगळ्या दुकानांत एकच मातकट तपकिरी किंवा एकच फिका हिरवा दिसू लागतो. सगळ्यांनी एकमेकांची नक्कल केली असं वाटतं. थोडीफार नक्कल असतेच, पण मूळ कारण वेळापत्रकात आहे.

कपडा शिवायच्या आधी कापड विणावं लागतं, त्याच्या आधी सूत रंगवावं लागतं, त्याच्याही आधी रंग ठरवावा लागतो. म्हणून साखळीच्या अगदी मागच्या टोकाला रंगांचे अंदाज बांधणारे बसलेले असतात. इंटरकलर नावाचा गट १९६३ पासून हेच करतो. वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी वर्षातून दोनदा भेटतात आणि साधारण दोन वर्षांनंतरच्या हंगामाच्या रंगांवर चर्चा करतात. मग सुताची प्रदर्शनं भरतात. फ्लॉरेन्समधलं पित्ती फिलाती हे त्यातलं नावाजलेलं. मग कापडाची, पॅरिसचं प्रीमिएर व्हिजन सर्वांत मोठ्यांपैकी एक. डिझायनर तिथे येऊन कापडाचे तुकडे बोटांत धरून बघतात, मागणी नोंदवतात. त्यानंतर कुठे न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या चार शहरांतले फॅशन वीक. तिथे दाखवलेले कपडेही साधारण सहा महिन्यांनी दुकानात यायचे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या थंडीचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे.

म्हणजे रॅम्पवर जे पहिल्यांदा दिसतं असं आपल्याला वाटतं, त्याचा रंग आणि धागा गिरण्यांना आधीच माहीत असतो. महागड्या ब्रँडचा कोट आणि बाजारातला साधा कोट एकाच रंगाचे निघतात, कारण दोघांनी सूत निवडताना त्याच रंगपट्ट्या समोर ठेवलेल्या असतात. पँटोन ही रंगांची कंपनी २००० पासून दरवर्षी एक ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. २०२४ चा पीचकडे झुकणारा होता, २०२५ चा तपकिरी. या घोषणेमुळे रंग चालतो असं समजू नये. जी दिशा साखळीत आधीच धरली गेलेली असते, तिला ती नाव देते.

ही यंत्रणा काही अनादी काळापासूनची नाही. हंगामाहंगामाला नवे नमुने तयार करायचे, ते जिवंत मॉडेलच्या अंगावर दाखवायचे आणि कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवायची, ही पद्धत रुजवली चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने. १८५८ मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. त्याआधी गिऱ्हाईक सांगायचं आणि शिंपी शिवायचा. वर्थने ते फिरवलं: मी ठरवतो, तुम्ही निवडा.

पुढे ही साखळी अधिकाधिक वेगवान होत गेली. स्पेनच्या आ कोरून्या शहरात १९७५ साली पहिलं दुकान उघडणाऱ्या झाराने सहा महिन्यांचं गणितच मोडलं. शिवणकामाचा मोठा वाटा जवळपासच ठेवायचा, थोडेथोडे नग काढायचे, काय विकलं जातंय ते रोज बघायचं आणि काही आठवड्यांत नवा माल आणायचा. आता तर फोनवरच्या छोट्या व्हिडिओंनी हंगाम ही कल्पनाच पातळ केली आहे. एखादी ‘लूक’ची लाट महिनाभरात येते आणि विरते. गवताळ कुरणात राहिल्यासारखे फुलाफुलांचे झगे, डोंगर चढायला निघाल्यासारखी जाकिटं, पिढीजात श्रीमंतासारखे करडे-पांढरे स्वेटर. यातलं प्रत्येक मला बघायला आवडतं. पण त्यात मापं फारशी हलत नाहीत, वेश तेवढा बदलतो. आणि वेश अंगवळणी पडत नाही, म्हणून या लाटांतले कपडे कपाटात फार टिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

उलटी गंगा

वरून खाली झिरपतं हे झालं अर्धं चित्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी फॅशनचं वर्णन असंच केलं होतं: वरचा वर्ग काहीतरी घालतो, खालचा वर्ग त्याचं अनुकरण करतो, मग वेगळं दिसण्यासाठी वरचा वर्ग दुसरं काहीतरी घालतो. त्या काळाला ते लागू पडत असेल. पण आज रोज जे आपल्या अंगावर असतं, ते बहुतेक सगळं खालूनच आलेलं आहे. कष्टकऱ्यांकडून, खलाशांकडून, सैनिकांकडून.

जीन्स घ्या. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या पँटचे खिसे उसवतात, म्हणून ताण पडतो त्या जागी त्याने तांब्याच्या रिवेट म्हणजे छोट्या मेखा ठोकल्या. पेटंटसाठी त्याने कापडाचे व्यापारी लीवाय स्ट्रॉस यांना सोबत घेतलं, आणि २० मे १८७३ रोजी ते मिळालं. त्या रिवेट आजही तुमच्या खिशाच्या कोपऱ्यावर आहेत, तुम्ही खिशात मोबाइलपेक्षा जड काही ठेवत नसलात तरी.

निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट फ्रेंच नौदलाचा. १८५८ च्या नियमात त्याच्या पट्ट्यांचं मापसुद्धा ठरवून दिलं होतं: अंगावर २१ पांढरे पट्टे, पांढरा निळ्याच्या दुप्पट रुंद. साधा पांढरा टी-शर्ट अमेरिकी नौदलात गणवेशाच्या आत घालायचा कपडा होता. ट्रेंच कोट पहिल्या महायुद्धातल्या खंदकांतला, खांद्यावरच्या पट्ट्या त्यावर अजून आहेत. बॉम्बर जॅकेटचं अस्तर पुष्कळदा भडक नारिंगी असतं. विमान पडलं तर वैमानिकाने ते उलटं करून घालावं, म्हणजे शोध घेणाऱ्यांना लांबून दिसेल, हा त्यामागचा विचार. हे कपडे इतकी वर्षं टिकले, कारण ते वापरासाठी घडले होते. हात वर करता येतो, खिशात हात जातो, धुतलं तरी चालतं. फॅशन त्यांचा घेर आणि लांबी बदलत राहते, सांगाडा तोच ठेवते.

रस्त्यावरून रॅम्पवर जाणं मात्र दरवेळी सोपं गेलेलं नाही. १९६० मध्ये डिओरसाठी काम करणाऱ्या तरुण ईव्ह सॅं लोराँने कॅफेत बसणाऱ्या पोरांची काळी चामडी जाकिटं श्रीमंत गिऱ्हाइकांसमोर आणली. त्यांना ती अजिबात रुचली नाहीत. १९९२ मध्ये मार्क जेकब्सने पेरी एलिस या ब्रँडसाठी सिअॅटलच्या संगीतवाल्या मुलांचा चौकड्यांचा ढगळ शर्ट रेशमात आणला, आणि त्याची नोकरी गेली. आज दोन्ही कपडे जगभर सर्रास दिसतात.

आणखी एक समज इथेच दूर करायला हवा. ‘आंतरराष्ट्रीय फॅशन’ म्हटलं की आपण पॅरिसकडे बघतो आणि वारा तिकडूनच वाहतो असं धरून चालतो. कोयरीचंच बघा. काश्मिरी शालींवरची ही नक्षी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोचली, तिथे शालींचं वेडच लागलं, आणि स्कॉटलंडमधल्या पेझली गावाने त्यांच्या इतक्या नकला विणल्या की जगाने नक्षीला त्या गावाचं नाव दिलं. चिटाच्या, म्हणजे भारतातून जाणाऱ्या छापील सुती कापडाची तर फ्रान्सने इतकी धास्ती घेतली की १६८६ मध्ये त्यावर बंदीच घातली. इंग्लंडनेही पुढे तेच केलं. आपल्या विणकरांचा धंदा बसेल ही भीती दोघांनाही होती. खाकी हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला आणि आज ती जगभर ऑफिसात घातली जाते. १९८१ मध्ये रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो हे दोन जपानी डिझायनर पॅरिसला आले. काळे, ढगळ, कडा अर्धवट सोडलेले कपडे बघून अनेक समीक्षक बावरले. शरीराचा आकार दाखवणं हे कपड्याचं कामच नाही, कापड आणि शरीर यांच्यामधली मोकळी जागाही सुंदर असू शकते, असं त्या कपड्यांचं म्हणणं होतं. आज आपण ज्याला सहज ‘ओव्हरसाइज्ड’ म्हणतो, त्यात त्या विचाराचा मोठा वाटा आहे.

जुना फोटो विचित्र का वाटतो

जेम्स लेव्हर हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले पोशाखाचे अभ्यासक. १९३७ मध्ये त्यांनी एक कोष्टक मांडलं. एखादा पोशाख त्याच्या काळाच्या दहा वर्षं आधी घातला तर तो अश्लील वाटतो, पाच वर्षं आधी निर्लज्ज, वर्षभर आधी धाडसी. त्याच्या स्वतःच्या काळात तो झोकदार. वर्षभराने गबाळा, दहा वर्षांनी भयानक, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीदार, पन्नास वर्षांनी आगळावेगळा, सत्तर वर्षांनी मोहक, शंभर वर्षांनी रम्य आणि दीडशे वर्षांनी सुंदर.

आकडे काटेकोर नाहीत, आणि आताच्या वेगात ते आक्रसले आहेत. पण क्रम मला आजही खरा वाटतो. म्हणूनच आईच्या तरुणपणीचा ड्रेस आपल्याला भावतो आणि स्वतःचा आठ वर्षांपूर्वीचा नकोसा होतो. तुमची आवड वाईट होती म्हणून तो फोटो खटकत नाही. डोळ्यांना एका प्रमाणाची सवय झाली होती, ती मोडून दुसरी लागली, एवढंच. नवीन प्रमाण पहिल्यांदा बघताना ‘शी, काहीतरीच’ वाटतं तेही याचमुळे. मी आता कुठल्याही नव्या आकाराला चटकन नावं ठेवत नाही. सहा महिने बघते.

आरशासमोर

आता आपल्याकडे येऊ. बाहेरून मापं येत राहणार, रंग येत राहणार. त्यातलं काय घ्यायचं?

माझाच अनुभव सांगते. वर्षानुवर्षं अरुंद पँटी घातल्यावर मी पहिल्यांदा एक घेरदार, उंच कंबरेची पँट घेतली. दुकानाच्या आरशात ठीक वाटली. घरी नेहमीच्या लांब शर्टवर घातली आणि मन खट्टू झालं. दोन पोती एकावर एक ठेवल्यासारखं दिसत होतं. हे आपल्याला शोभत नाही, असा निकाल देऊन ती घडी करून ठेवून दिली. आठेक महिन्यांनी एका सकाळी सगळे लांब शर्ट धुवायला पडले होते. हाताला लागला तो कंबरपट्टीशी संपणारा एक जुना, आटलेला स्वेटर. तीच पँट, तोच आरसा, तीच मी, आणि सगळं जागच्या जागी बसलं. पँटमध्ये काही दोष नव्हता. तिचा घेर वाढला होता आणि मी शर्टची लांबी जुन्या हिशोबाची ठेवली होती. लांब शर्टाने कंबर झाकली जात होती, म्हणजे ती पँट जे दाखवण्यासाठी उंच शिवली होती तेच दडत होतं.

तेव्हापासून मी आरशासमोर पहिल्यांदा रेषा बघते. वरचा कपडा कुठे संपतो? शरीराच्या बरोबर मध्यावर संपत असेल तर दोन सारखे भाग पडतात आणि माणूस ठेंगणा, जडसर दिसतो. एक भाग आखूड, एक लांब असला की डोळ्याला आराम पडतो. शर्टचं पुढचं टोक नुसतं आत खोचलं तरी ही रेषा सरकते. काही विकत घ्यावं लागत नाही.

दुसरी जागा खांद्याची. शर्टची खांद्याची शिवण नेहमी खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायची. हल्लीच्या ढगळ शर्टात ती चार-पाच सेंटीमीटर खाली दंडावर येते. त्यामुळे पुष्कळजण ढगळ हवं म्हणून साधाच शर्ट दोन मापं मोठा घेतात आणि फसतात. मुद्दाम ढगळ शिवलेल्या शर्टात खांदा उतरवलेला असतो, पण त्याच हिशोबात बाही आखूड केलेली असते, काखेचा घेर वाढवलेला असतो, आणि कॉलर मात्र मानेच्या मापाचीच ठेवलेली असते. दोन मापं मोठ्या शर्टात सगळंच मोठं. बाही बोटांवर येते, कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. ओळखायचं असेल तर खांद्याकडे बघू नका, मनगट आणि मान बघा. तिथे कपडा नीट बसला असेल तर बाकीचा ढगळपणा हेतुपुरस्सर आहे असं बघणाऱ्यालाही कळतं.

कापडाचा पोत तर अनेकजण लक्षातच घेत नाहीत. तोच घेर सुळसुळीत व्हिस्कोसमध्ये पायावरून ओघळतो आणि जाड सुती कापडात तंबूसारखा उभा राहतो. फोटो बघून कपडा मागवताना फसगत होते ती बहुतेक इथे. मापं बरोबर असतात, पण कापडाचं वजन फोटोत दिसत नाही. रंगाच्या बाबतीत मी एकच पथ्य पाळते. यंदाचा चालता रंग आपल्या चेहऱ्याला मानवत नसेल तर तो चेहऱ्यापासून लांब ठेवायचा, पायांत, पिशवीत, पँटमध्ये. गळ्याजवळ मात्र आपल्याला खुलवणारेच रंग.

साइझच्या आकड्यावर विसंबू नका, हे तर मी कळकळीने सांगेन. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली, त्यांच्या आधारे १९५८ मध्ये प्रमाण साइझ ठरवल्या. पाळणं ऐच्छिक होतं, आणि १९८३ मध्ये ते प्रमाणच मागे घेतलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक ब्रँडची ‘मीडियम’ आपापली आहे. एका दुकानात बसणारा आकडा दुसरीकडे बसला नाही म्हणून आपल्या शरीराला दोष देणारी माणसं मी बघते तेव्हा जीव तुटतो. त्यापेक्षा तुमचा सर्वांत आवडता शर्ट आणि पँट जमिनीवर पसरा, टेपने मोजा. खांदा ते खांदा, काखेखालची छाती, पाठीची लांबी, पँटचे दोन पाय जुळतात तिथपासून कंबरपट्टीपर्यंतचं अंतर, खालचा घेर. पाच-सहा आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. बाहेरून कितीही मोठी लाट आली तरी ती तुमच्या मापांपासून किती दूर आहे हे लगेच कळेल. एक-दोन इंच दूर असेल तर सहज घ्या. सगळीच मापं दूर असतील तर तिच्यासोबत पूर्ण कपाट बदलावं लागेल, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

जगात काहींनी हे फार देखणेपणाने केलंय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानी तरुणांनी अमेरिकी कॉलेजांतले बटणवाल्या कॉलरचे शर्ट आणि आखूड पँटी इतक्या बारकाईने अभ्यासल्या, स्वतःच्या अंगकाठीला बेतून घेतल्या, की पुढे अमेरिकनच ती शैली जपानकडून शिकू लागले. काँगो नावाच्या दोन शेजारी देशांतल्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांत ‘सापर’ म्हणवणारी मंडळी युरोपी सूट घालतात, पण एका वेळी तीनपेक्षा जास्त रंग घालायचे नाहीत असा त्यांचा दंडक आहे. सूट त्यांनी उसना घेतला, त्यातली शिस्त आणि तोरा त्यांचा स्वतःचा. डोना कॅरनने १९८५ मध्ये काम करणाऱ्या बाईसाठी एकमेकांत अदलाबदल करता येतील असे सात कपडे मांडले, त्यातही हाच हिशोब होता: मापं एकमेकांशी जुळवून ठेवलीत की थोडके कपडे पुष्कळ होतात.

आणि थोडके असावेत याला दुसरंही कारण आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. जगभरच्या ब्रँडसाठी कपडे शिवणारे १,१३४ जण त्यात गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं, कारण माल वेळेत जायचा होता. महिनाभर टिकणाऱ्या लाटेसाठी कुणीतरी कुठेतरी घाईने टीप मारत असतं. नवा कपडा हातात घेतला की मी आता शिवण उलटून बघते, तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

परवा मी माझी सर्वांत जुनी जीन्स जमिनीवर पसरून मोजली. सरळ पायाची, स्पॅन्डेक्स नसलेली, घेतल्याला चौदा वर्षं झाली. खालचा घेर सपाट धरून १९ सेंटीमीटर. घेतली तेव्हा सगळे घट्ट घालत होते आणि ही अंमळ जुनाट वाटायची. मग काही वर्षं ती अगदी चालू काळाची झाली. आता पायांचे घेर आणखी वाढलेत तर ती अरुंदात मोडते. तिचे १९ सेंटीमीटर मात्र हललेले नाहीत. जीन्सचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, आणि निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून घासल्या जाणाऱ्या जागी आतला पांढरा वर येतो. माझ्या उजव्या खिशावर फोनचा चौकोन तसाच उमटलाय. धुऊन धुऊन तिरप्या विणीने पाय थोडा पिळवटलाय, डाव्या बाजूची शिवण नडगीवर सरकून आलीय. परवा एका विशीतल्या मुलीने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, ही शिवण अशी तिरकी मुद्दाम घेतलीय का, कुठे मिळते? मी तिला खाली बसवलं आणि दाखवलं.